डावीकडून आलेली लाट

मेथीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून मी खालची जुडी ओढत होते, तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. "मॅडम, वरच्या जुड्या काय चोरीच्या हायेत?" गाडीवाली म्हणाली. ती नेहमी हेच म्हणते आणि मी नेहमी खालचीच जुडी घेते. ओल्या हातानंच फोन काढला. प्राजक्तानं चित्र पाठवलं होतं. नुसतं चित्र. 'मॅडम, झालं एकदाचं' नाही, 'बघा बरं' नाही, साधा नमस्कारसुद्धा नाही. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी आणि निळ्या रंगात गोल गोल गुंडाळत गेलेला वायू, आणि त्याच्या खाली आलेख. आलेखावर दुर्बिणीनं मोजलेले वेगाचे ठिपके होते आणि आमच्या गणिताची रेघ त्या ठिपक्यांच्या बरोबर मधून गेली होती. इतकी वर्षं ती रेघ ठिपक्यांच्या खाली लोळत होती. आज एकदम उठून त्यांच्या ओळीत जाऊन बसली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गाडीवालीनं मेथी पिशवीत कोंबली, "सुटे द्या" म्हणाली, आणि मी गाडगेनगरच्या त्या गर्दीत एका अंगठ्याचं चित्र प्राजक्ताला उलट पाठवून दिलं. मीही शब्द लिहिला नाही. तिला नाही लिहावासा वाटला, तर मी का लिहू?

अमरावतीच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि उरलेल्या वेळात दीर्घिकांचे समूह एकमेकांवर आदळवते. शेजारणींना हे सांगितलं की त्या विषय बदलतात. काम खरं तर समजायला सोपं आहे. हजारेक दीर्घिकांचा एक समूह असतो, आणि त्या दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत अतिशय तापलेला, अतिशय विरळ वायू भरलेला असतो. एक समूह दुसऱ्याच्या जवळून गेला की हा वायू हिंदकळतो आणि अब्जावधी वर्षं हिंदकळतच राहतो. आम्ही ते सगळं संगणकात घडवून बघतो. माझ्या वर्गात पहिल्यांदा हे शिकवलं तेव्हा मागच्या बाकावरून प्राजक्ता म्हणाली होती, "म्हणजे मॅडम, ट्रॅक्टर थांबला तरी टाकीतलं पाणी मांगंपुढं करूनच राह्यते, तसं." हिवरखेडच्या फुलमळ्यातली मुलगी. झेंडूला पाणी द्यायला ट्रॅक्टरमागच्या टाकीवर बसून जायची. त्या दिवसापासून ती माझी झाली. एम.एस्सी. झाली, पीएच.डी. झाली, लग्न होऊन अकोल्याला गेली, तरी आम्ही दोघी फोनवर वऱ्हाडीतच दीर्घिकांबद्दल बोलत आलो. "वायू थंडा पडून राहिला जी." "पडू दे, चिकटपणा कमी करून पाह्य." पुण्याच्या लोकांनी ऐकलं असतं तर त्यांना वाटलं असतं, शिऱ्याबद्दल चाललंय.

आमची अडचण नेमकी हीच होती, की आमचा वायू फार लवकर शांत व्हायचा. दुर्बीण सांगत होती की खऱ्या समूहात तो अजून बराच हलतो आहे. काय कमी पडतंय ते सापडत नव्हतं. आणि आता, सोमवारी पुण्याच्या संस्थेत प्राजक्ताला हेच काम मांडायचं असताना, त्यावर तिची तिथली जागा ठरणार असताना, शनिवारी सकाळी वायू हवा तितकाच हलू लागला. ना कमी, ना जास्त. माझ्या अनुभवात खरी गोष्ट अशी वेळेवर येत नाही. खरी गोष्ट उशिरा येते, अर्धवट येते, अन् आल्यावर भांडते. घरी येऊन मेथी ओट्यावर टाकली आणि चित्र मोठं करून बघत बसले. कुणीतरी आतून हलकेच ढवळलं असेल तर असंच दिसेल. प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकायची, वायूला मधूनमधून धक्का देत राहायचं, बस. कुणाला कळतं? मला कळतं. मग एकेक आठवायला लागलं. आठवडाभर ती फोन उचलत नव्हती. उचलला तर "मॅडम, सासूबाईले दवाखान्यात नेऊन राहिली, मंग बोलते" म्हणायची. मूळ फाइल मागितल्या तर "पाठवते" म्हणाली आणि पाठवल्या नाहीत. आणि मागच्या महिन्यात मध्येच विचारलं होतं, "मॅडम, सेटिंग तुमीच पाठवल्या होत्या त्याच ठेवल्या ना मी? त्याच ठेवाच्या होत्या ना?" आवाज कसातरीच होता. तेव्हा मी 'हो' म्हणून सोडून दिलं. आता वाटलं, ही मला आधीच साक्षीदार करून ठेवत होती. उद्या प्रकरण बाहेर आलं की म्हणायला मोकळी, मॅडमच्याच सेटिंग होत्या. मला इतका राग आला, की मेथी तशीच ओट्यावर ठेवून मी अकोल्याची गाडी धरायला बडनेरा स्टेशनची रिक्षा केली.

गाडीत खिडकी मिळाली. बाहेर तुरी उभ्या होत्या, कापसाच्या झाडांवर उरलीसुरली बोंडं लटकत होती. समोरची बाई पोराला भजी भरवत होती, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. सरळ विचारायचं नाही. सरळ विचारलं की माणूस सावध होतो. सहज आल्यासारखं जायचं, चहा घ्यायचा, अन् म्हणायचं, 'मूळ फाइल उघड बरं, माझ्यासमोर.' ती कचरली की समजायचं. न कचरता उघडल्या तरी ती ढवळणारी ओळ सापडेपर्यंत उठायचं नाही. सापडली की? सोमवारचं भाषण रद्द. पुण्याची जागा गेली. तिचं नाव एकदा असं खराब झालं की या क्षेत्रात कुणी तिला दारात उभं करणार नाही. हे मी करणार होते, मी, जिनं तिला हिवरखेडहून उचलून इथवर आणलं. मूर्तिजापूरला गाडी उगाच बराच वेळ थांबली. तेवढ्यात भजी संपली आणि पोरानं माझ्या पदराला हात पुसले. बाई "अगं माय" म्हणाली. मी पदर आवरून घेतला. मला बाबा आठवत होते.

आमचा मोर्शीला संत्र्याचा बगीचा. फळांचा तोडा सुरू झाला की बाबा, म्हणजे खुशालराव, झाडाखाली खाट टाकून बसायचे, पण बसायचे नुसते नावाला. भरलेलं प्रत्येक कॅरेट ते उपसून बघायचे. वर मोठी फळं मांडून खाली बारकी ढकलायची, ही साऱ्या दुनियेची रीत आहे असं त्यांचं पक्कं मत. "वरून तर सगळेच गोड असतात, साधना. हात खालपर्यंत गेला पाह्यजे." त्यांचा हात शर्टाच्या बाहीसकट खालपर्यंत जायचा. बेबीताई आमच्याकडे मी लहान होते तेव्हापासून तोड्याला येत होती. कात्री अशी चालवायची की देठाला इजा नाही आणि फळाला ओरखडा नाही. एका वर्षी संध्याकाळी सगळ्या बाया घरी निघाल्या तेव्हा बाबांनी तिला थांबवलं. तिच्या शिदोरीच्या फडक्याची गाठ जरा मोठी दिसत होती. "सोड," म्हणाले. सगळ्यांसमोर तिनं फडकं सोडलं. अर्धी भाकर, मिरचीचा ठेचा आणि गळून पडलेली दोन डागी संत्री, जी बाबांनीच दुपारी 'घेऊन जा' म्हणून सांगितली होती. बाबांना आठवलं. "बरं, जा," एवढंच म्हणाले. बेबीताईनं गाठ पुन्हा बांधली. फार सावकाश बांधली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आईनं बोलावणं धाडलं तर निरोप आला, "मालकाले म्हना, म्या फडकं सोडून दाखवलं. आता आखीन काय सोडू?" पुढच्या वर्षी तिच्या जागी दुसऱ्या बाया आल्या, बऱ्याच फळांचे देठ तुटले, आणि बाबा त्यांच्यावर ओरडत राहिले. ही गोष्ट मी प्राजक्ताला सांगितली होती. प्रयोगशाळेत आकडे यायची वाट बघत आम्ही शेंगा खात बसलो होतो. बाबा कसे होते ते हसत हसत सांगायला गेले, आणि तिला हसू आलंच नाही. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "बेबीताईनं बराबर केलं." आता अकोल्याला निघालेल्या गाडीत बसून मलाही दिसत होतं की मी फडकं सोडायला लावायला चालले आहे. दिसत होतं, तरी उतरले नाही. बाबांचं चुकलं असं म्हणणं मला कधीच जड गेलं नाही. माझा हात मात्र त्यांचाच आहे.

जठारपेठेतल्या घराचं फाटक लीलाबाईंनी उघडलं. प्राजक्ताच्या सासूबाई. डाव्या हाताला प्लास्टर. म्हणजे दवाखाना खरा होता. मला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, दवाखाना खरा असला म्हणून बाकीचं खरं ठरत नाही. "या ना बाई, या. आंगनात घसरून पडली मी, त्या जामाच्या झाडाखाली. पाला पडते ना. सून बिचारी माह्या आंघोळीपासून समदं करून राहिली. तिचं ते कंप्युटरचं काम रातच्याले." पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. अंगणातलं झाड फळांनी वाकलं होतं. प्राजक्ता आतून आली. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी नीट बघितलं, उतरलाच. "मॅडम? सांगतलं बी नाई." "का, सांगूनच यायचं का आता?" मी हसत म्हणाले. तीही हसली. दोघींची हसू एकाच दुकानातून आणलेली वाटत होती.

तिच्या खोलीत टेबलावर संगणक, बाजूला सासूबाईंच्या गोळ्या. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. ठरवून आलेलं 'सहज' सगळं विसरले. "मूळ फाइल उघड," म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. झाडाखालच्या खाटेवरून यायचा, तो. प्राजक्तानं माझ्याकडे टक लावून पाहिलं. ती घाबरेल असं मी धरून चालले होते. ती घाबरली नाही. जणू कुणीतरी हे बोलेल म्हणून कधीची थांबली होती, आणि आता एकदाचं ते झालं, असं तिनं खुर्ची ओढली. प्रोग्रॅम उघडला. मी ओळ न ओळ वाचली. ढवळणं नव्हतं, जादाचा धक्का नव्हता, चिकटपणाला हात लावलेला नव्हता. मग सेटिंगची फाइल. तीही मीच उन्हाळ्यात पाठवलेली, जशीच्या तशी. मला सुटका वाटायला हवी होती, पण खोटं सापडलं नाही म्हणून मी चिडलेच. सापडत नाही म्हणजे नीट लपवलं आहे, एवढंच डोक्यात येत होतं. "सगळ्या वेळांची चित्रं एकापुढे एक लाव," म्हणाले, "आणि मधलाच भाग नको, पूर्ण पेटी दाखव." आम्ही कायम मधला भागच कापून बघत आलो होतो. सगळी मजा मध्ये असते ना.

आमचं संगणकातलं विश्व म्हणजे एक चौकोनी पेटी. तिला भिंत देता येत नाही, कारण विश्वाला भिंत नसते. म्हणून सगळेच एक युक्ती करतात. पेटीच्या उजव्या कडेनं जे बाहेर जाईल ते डाव्या कडेनं आत घ्यायचं. पेटी पुरेशी मोठी असली की काही बिघडत नाही, बाहेर गेलेलं परत मध्यापर्यंत पोचायच्या आतच खेळ संपतो. पडद्यावर दोन समूह जवळ आले, छोटा मोठ्याच्या कुशीतून निघून गेला, वायू हिंदकळला, आणि धक्क्याची एक लाट उजवीकडे पसरत गेली. लीलाबाई एका हातानं चहाचा ट्रे घेऊन आल्या. प्राजक्ता धावली, "आई, म्या आणला असता ना!" मी कप घेतला. पडद्यावर अब्जावधी वर्षं जात होती आणि आम्ही तिघी चहा पीत होतो. लाट उजव्या कडेला लागून दिसेनाशी झाली. मग डाव्या कडेला, जिथं काहीच नसायला हवं होतं, तिथं एक बारीक कोर उमटली. कोर सरकत सरकत आत आली. मध्ये जवळजवळ शांत झालेल्या वायूला तिनं मागून ढकललं आणि तो पुन्हा हलू लागला. हवा तितकाच.

"हे कुठून आलं?" मी म्हणाले. म्हणतानाच कळलं होतं. प्राजक्ताला माझ्याही आधी कळलं असावं, कारण तिनं कप खाली ठेवला. "आपलीच हाय जी ते," ती म्हणाली. "उजवीकडून गेली तेच." पेटी लहान होती. उन्हाळ्यात पुण्याच्या संगणकावर आम्हाला वेळ कमी मिळाला तेव्हा, नुसत्या चाचणीसाठी म्हणून, मीच पेटी निम्मी केली होती, आणि पुन्हा मोठी करायचं सांगायला विसरले होते. दुर्बिणीच्या ठिपक्यांशी जुळणारा तो वेग आकाशातला नव्हताच. आम्ही बाहेर घालवलेलाच धक्का फिरून पाठीमागून आला होता. लीलाबाईंनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, कप उचलले, आणि शहाण्यासारख्या निघून गेल्या.

प्राजक्ता एकदम रडायला लागली. मला वाटलं, पुण्याची जागा गेली म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं डोळे पुसत सांगितलं, "तसं नाई मॅडम. मले वाटलं तुमीच केलं. मागच्या महिन्यात रेघ जुळाले लागली ना, तवाच मले भेव वाटला. इतकं कसं जुळीन? मंग पाह्यलं तं पेटी लहान. मले वाटलं मॅडमनं जाणूनबुजून काई केलं असंन, माह्या जागेसाठी. सेटिंगचं विचारलं तं तुमी नुसतं हो म्हटलं. आखीन कसं विचारू? म्हणून नुसतं चित्र धाडलं. म्हटलं, मॅडम काय म्हनतात ते पाहू. तं तुमी नुसता आंगठा धाडला." ती आणखी रडली. "तुमच्यावर संशय घेतला मी. तुमच्यावर! मले लाज वाटून राहिली." आधी मी भडकले, हे सांगायला हवं. माझ्यावर संशय? मी काय वाटेल ते करीन असं हिला वाटलंच कसं? दिवसभर मी तिच्याबद्दल तेच वाटून घेतलं होतं, हे ध्यानात यायला अर्धा क्षण लागला. तो अर्धा क्षण गेल्यावर मी खरं बोलू शकले असते. तिनं स्वतःची गाठ आपण होऊन सोडली होती, मला तिच्यासमोर नुसती माझी सोडायची होती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणीतरी फार मोठी आहे. कुणी असं बघितलं की खाली उतरवत नाही. "वेडी आहेस," मी म्हणाले. "मला ठाऊक होतं, तू असं काही करणार नाहीस. मी आपली तुला भेटायला आले. फाइल बघायच्या म्हणजे चूक कुठं आहे ते शोधायला." तिनं विश्वास ठेवला. लगेच ठेवला, सगळाच्या सगळा. मला हलकं वाटलं आणि तितकंच घाणेरडं वाटलं.

मग आम्ही पुष्कळ बोललो. ती म्हणाली, "सोमवारी मी हेच सांगन. लाट कशी परत आली ते. जागा भेटो नाई तं नको भेटो." मी म्हटलं, पेटी निम्मी मी केली हेही सांग. "काहून? तुमचं नाव काहून घेऊ? आपुन दोघीनं केलं." लीलाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली, आणि निघताना कापडी पिशवी भरून जाम दिले. "झाडाचे हायेत बाई, इकतचे नाई." स्टेशनवर सोडायला प्राजक्ता स्कूटर घेऊन आली. वाटेत वाऱ्यावर ओरडून ओरडून ती मोठ्या पेटीचं गणित सांगत होती, आणि मला वाटत होतं, वाचलो. बेबीताईची गोष्ट पुन्हा घडली नाही. मी फडकं सोडायला लावलं होतं, पण तिला ते फडकं आहे हेच कळलं नव्हतं.

गाडी उभीच होती. मला खिडकीची जागा धरून देऊन ती "पानी आनते" म्हणून गेली. पिशवी मांडीवर होती. वरचे जाम मोठे होते, पिवळे, एकसारखे, पानासकट. इतके एकसारखे, की माझा हात आपोआप आत गेला. मी त्याला पाठवला असं नाही. वरच्यांना बाजूला सारत तो खाली गेला, कोपरापर्यंत, पिशवीच्या तळाशी. तिथं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही लागलं. एक काढून कागद सोडला. वरच्यांपेक्षा मोठा, पिकून मऊ झालेला, दबू नये म्हणून एकेक नीट गुंडाळून खाली ठेवलेला. लीलाबाईंनी एका हातानं कसे गुंडाळले असतील? मी तो उजेडाकडे धरला आणि कुठं कीड आहे का ते फिरवून फिरवून बघितलं.

नजर वर गेली तर प्राजक्ता खिडकीपाशी उभी होती, पाण्याची बाटली गजांतून आत देत. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं माझ्या हातातल्या जामाकडे पाहिलं, मांडीवर उपसलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुपारभर तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते हळूहळू निघून गेलं. तिला काही विचारावं लागलं नाही. मी अकोल्याला कशासाठी आले होते, ते तिला तिथं, त्या खिडकीत कळलं.

"खालचे बी चांगलेच हायेत, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, रडवाही नव्हता. "आईनं चांगले खालीच ठेवले."

मी तिचं नाव घेतलं. पुढं काय बोलायचं ते जुळवत असतानाच गाडी हलली. एक हात पिशवीत, दुसऱ्या हातात जाम, आणि बाटली घ्यायला माझा हातच मोकळा नव्हता. ती दोन पावलं गाडीबरोबर आली आणि मग थांबली. बाटली तिच्याच हातात राहिली.